चिंचा नावाची गाडी

सांताक्रूझ विमानतळाच्या दारातून ओत्तावियो बाहेर आले, सुटकेस खाली ठेवून त्यांनी मला मिठी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गाडी कुठंय?”

फेब्रुवारी शहात्तर. अंगात जाड लोकरी कोट, कपाळावर घाम, वय सदुसष्ट. पाच वर्षांत ते बरेच वाळले होते.

“कंपनीच्या कामाला गेलीय,” मी म्हणालो. “आपण टॅक्सीनं जाऊ.”

“निळी गेलीय?”

“निळी.”

“बरं,” म्हणाले आणि त्यांनी सुटकेस उचलली. मी घ्यायला गेलो तर देईनात.

दादरहून पुण्याची टॅक्सी केली. ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी निरखत राहिले. फियाट आली की म्हणायचे, “आमच्याकडची,” अँबॅसेडर आली की गप्प. पनवेल गेलं, खोपोली गेली. मागच्या सीटवर बसून मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. ते जी गाडी शोधत होते ती हिंदुस्थानातल्या कुठल्याच रस्त्यावर नव्हती. कधी आलीच नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि तरी तीन वर्षं मी त्यांना पत्रातून कळवत होतो की ती धावतेय.

घाटात टॅक्सी तापली. ड्रायव्हर पाणी घालायला उतरला तेव्हा ओत्तावियो मागे वळून म्हणाले, “आमची चिंचा इथं चढते का रे?”

“चढते.”

“चार माणसं घेऊन?”

“चार माणसं घेऊन.”

ते पुन्हा समोर बघू लागले.

चिंचा म्हणजे त्यांच्या भाषेत एक इवलासा, पिवळ्या पोटाचा पक्षी. कंपनीनं मला पहिल्यांदा हे नाव सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. उत्तर इटलीत सान दाल्मो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथले तेस्सारी बंधू आधी शेतीची अवजारं करायचे. लढाई संपल्यावर त्यांच्या डोक्यात आलं की सायकलवाल्या माणसाला परवडेल अशी गाडी करावी. त्यांनी केली. दोन दारांची, दोन सिलिंडरची, पुढचं तोंड गोल. वीस वर्षांत अकरा हजार गाड्या निघाल्या. मोठ्या कारखान्यांतून तेवढ्या आठवड्याभरात निघत, आणि स्वस्तही पडत. एकोणसत्तर साली तेस्सारींनी दाराला कुलूप लावलं. गावातली पावणेदोनशे माणसं घरी बसली.

भोसरीला आमची पंप बनवणारी कंपनी होती. आमच्या मालकांनी ठरवलं, आपण मोटार काढायची. तेस्सारींचे सगळे साचे त्यांनी विकत घेतले. पत्रा ज्यात दाबून गाडीचं दार, टप, बॉनेट असे भाग निघतात ते लोखंडी साचे, एकूण बासष्ट. ते आणायला तिघे गेलो. दोन साहेब तीन आठवड्यांत परतले. मी डिप्लोमावाला, साचे करण्यातच हात बसलेला, म्हणून मला मागे ठेवलं. एकेक साचा साफ करायचा, ग्रीस लावायचं, नंबर टाकायचा, लाकडी खोक्यात बसवून बंदरावर पाठवायचा. सात महिने लागले. त्या रिकाम्या कारखान्यात मी आणि ओत्तावियो, दोघंच.

ते प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागाचे, फोरमन होते. फोरमनला तिकडे ‘कापो’ म्हणतात, मीही तेच म्हणायचो. ते मला ‘इंजेन्येरे’ म्हणत. मी इंजिनिअर नाही, नुसता डिप्लोमा झालाय, असं किती वेळा सांगितलं, पण ऐकले नाहीत. पाणी आणि पाव यांचे शब्द कळायच्या आधी मला कानस आणि छिन्नीचे कळले, ते त्यांच्याकडून.

बॉनेटचा साचा त्यांनी स्वतः घासला होता, अकरा आठवडे, दगडानं, हातानं. त्यावरून हात फिरवताना ते डोळे मिटायचे. मलाही मिटायला लावायचे. “कुठं अडतंय?” “कुठंच नाही.” “पुन्हा फिरव.” चौथ्या-पाचव्या खेपेला बोटांना केसाएवढा उंचवटा लागायचा. मग ते खूश.

जानेवारीत तार आली. मिरजेला माझी आई गेली होती. तार सहा दिवस उशिरा पोचली होती. वडील मी लहान असतानाच गेलेले, भाऊबहीण कुणी नाही. चुलतभावानं अग्नी दिला होता. जायचा प्रश्नच नव्हता, जाऊन उपयोगही नव्हता. कापोंनी कारखाना बंद केला आणि मला घरी नेलं. त्यांच्या बायकोनं, एर्नेस्तानं, समोर गरम सूप ठेवलं. सूप संपल्यावर कापोंनी विचारलं, “तुमच्यात अशा वेळी काय करतात?”

मी सांगितलं, दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात, कावळा शिवायची वाट बघतात.

चार दिवसांनी ते मला नदीवर घेऊन गेले. डब्यात एर्नेस्तानं शिजवलेला भात होता, लोण्याचा वास येणारा. धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसेना. आम्ही दुपारपर्यंत उभे होतो. शेवटी एक कावळा आला, तिकडचा, राखाडी पाठीचा. कापोंनी हळूच विचारलं, “हा चालेल का?”

“चालेल,” मी म्हणालो.

काम संपवून हिंदुस्थानात परतायला निघालो तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “बनवा ती गाडी,” म्हणाले. “आणि मला कळव.”

मी परत आलो तोवर आमच्या मालकांचा मोटारीचा नाद सुटला होता. परवाना, भांडवल, भागीदार, एकही गोष्ट जमली नाही. पंप बरे चालले होते. खोकी बंदरावरून आली ती तशीच मागच्या आवारात उतरवली. मी पुन्हा पंपांचे साचे करू लागलो.

कापोंचं पत्र आलं: प्रेस बसवले का? मी लिहिलं, बसवतोय. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं वाटलं नाही. मालकांचं मन फिरेल असं मलाही वाटत होतं. पुढच्या पत्राला लिहिलं, पहिलं दार निघालं. त्र्याहत्तर साली मी चिंचा रस्त्यावर आणली. मग रंग आले, निळा आणि लाल. घरचंही लिहायचो, कुमुदचं, नंतर मुलीचं. सात-आठ पानी पत्रं व्हायची. दर रविवारी सकाळी चहा झाला की बसायचो. चौऱ्याहत्तरमध्ये एर्नेस्ता गेल्या. त्यांची मुलगी लग्न करून स्वित्झर्लंडला असायची. कापोंची पत्रंही लांबत गेली. आणि मग एक पत्र चारच ओळींचं आलं: तिकीट काढलंय. चौदा तारखेला येतो. हॉटेल नको, तुझ्या घरी राहीन.

चिंचवडात माझ्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. ‘चिंचवड’ हा पत्ता वाचून ते पूर्वी पत्रात हसले होते, गाडीचंच गाव दिसतंय म्हणून. टॅक्सीतून उतरलो, कुलूप काढलं. ते आत आले, कोट खुंटीला लावला आणि इकडेतिकडे बघितलं. फडताळात एक ताट, दोन वाट्या. दोरीवर माझे दोन शर्ट.

“कुमुद?” त्यांनी विचारलं.

“मिरजेला गेलीय, मुलीला घेऊन. तिच्या आईचं बरं नाही.”

“कधी येतील?”

“तुम्ही आहात तोवर कठीणच दिसतंय.”

त्यांनी सुटकेस उघडली होती. वर एक कागदी पुडकं होतं, लाल दोऱ्यानं बांधलेलं. त्यांनी त्यावर हात ठेवला, थांबले, आणि सुटकेस मिटली. “मग नंतर,” म्हणाले.

मी पिठलंभात केला. त्यांनी सगळं खाल्लं आणि ताट स्वतः घासलं. कारखान्यात संप आहे, आत जाता येणार नाही, असं त्यांना सकाळी सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं.

सकाळी ते दाढी करून, कोट-बूट घालून तयार बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “चल इंजेन्येरे. मला साचे दाखव.”

“साचे?”

“हो. गाडी नको. साचे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बुटाची नाडी सारखी करत होते.

बसनं भोसरीला गेलो. रविवार होता. वॉचमन ओळखीचा, त्यानं फाटक उघडलं. शेडच्या मागे गेलो. गुडघाभर वाळलेलं गवत, त्यात ते बासष्ट पडलेले. खोक्यांची लाकडं केव्हाच कुणी जळणाला नेली होती. काही साचे उलटे, काही एकमेकांवर, सगळे तांबूस. दारांच्या दोन मोठ्या साच्यांवर धोतर अंथरून वॉचमनच्या बायकोनं, सीताबाईंनी, पापड वाळत घातले होते. आम्हाला बघून त्या धावत आल्या.

“अगं बाई, पाहुणे! थांबा, थांबा, पापड उचलते.”

कापोंनी विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं.

“उचलू नका म्हणावं,” ते म्हणाले. “आम्ही तो भाग सपाटच केला होता.”

सीताबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एक ओला पापड त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, पण संपवला. मग ते गवतातून चालत एकेक नंबर वाचू लागले. माझ्याच हातानं टाकलेले नंबर. एकेचाळीसपाशी थांबले. बॉनेट. गुडघे टेकून खाली बसले. डोळे मिटले आणि गंजावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, जसे तेव्हा फिरवायचे. हात लाल झाला.

मी उभा होतो.

“कापो, मी…”

“मला ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“निळी गाडी रस्त्यावर आली म्हणून लिहिलंस ना, त्यानंतर सहा-सात महिन्यांनी.” त्यांनी हात पँटला पुसला. “वीस वर्षं गाड्या केल्या मी. पावसात दारातून पाणी येतं. गिअर अडकतो. गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या घालतं. तुझ्या पत्रांत एकसुद्धा तक्रार नव्हती. जिची तक्रार येत नाही ती गाडी कुठंच चालत नसते.”

“मग तुम्ही विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू पत्र लिहिणं थांबवलं असतंस.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. उन्हं चढत होती. सीताबाई लांबून आमच्याकडे बघत होत्या. मला इतकं हलकं वाटत होतं की त्याची लाज वाटली. माफी मागितली. त्यांनी खांद्यावर हात टाकला. “लोखंडाचं काय घेऊन बसलास,” म्हणाले. “आम्हीच नाही चालवू शकलो कारखाना, तू एकटा काय चालवणार?”

मग त्यांनी कोटाच्या खिशातून ते पुडकं काढलं. सकाळी कधी खिशात घातलं होतं ते मला दिसलं नव्हतं. लाल दोरा सोडला. आत एक पिवळा स्वेटर होता, लहान मुलीचा, चिमुकल्या बटणांचा.

“मारियाग्राझियानं विणलाय,” म्हणाले. मारियाग्राझिया म्हणजे त्यांची मुलगी. “मी तिला सांगितलं, चार वर्षांची आहे. पण तुझी मुलगी उंच आहे असं तू लिहिलं होतंस, म्हणून बाह्या लांब घ्यायला लावल्या. होईल ना रे? सांग बरं, तिचा हात केवढा आहे?”

आणि त्यांनी स्वेटर माझ्यासमोर धरला, मी हात करून माप दाखवावं म्हणून.

मला माप दाखवता आलं असतं. किती सोपं होतं. ते चार दिवसांनी गेले असते, आणि पुढच्या रविवारी मी लिहिलं असतं की स्वेटर अगदी बेताचा झाला. पण तो बाह्या पसरलेला स्वेटर बघून माझा हात वर झालाच नाही.

“कापो,” मी म्हणालो, “मुलगी नाही.”

त्यांना कळलं नाही. त्यांचा चेहरा एकदम पडला. “कधी?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “काय झालं तिला?”

“काही झालं नाही. ती नव्हतीच. कुमुदपण नाही. लग्नच झालं नाही माझं.”

मी वर बघितलं नाही. आई गेल्यावर स्थळ बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मी स्वतः कुणाला म्हणालो नव्हतो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकच ओळ लिहिली होती, की एर्नेस्तांनी विचारलंय म्हणून सांगतो, हो, लग्न ठरलंय. त्या खूश होतील म्हणून. त्यांनी उत्तरात कुमुदसाठी पाककृती पाठवली. मग कुमुदनं ती केली, मग ती बिघडली, मग आम्ही हसलो. सात-आठ पानं कशी भरायची ते तिथून कळत गेलं. मुलीला गोवर आला होता त्या पत्राच्या वेळी मी खरोखर दोन दिवस जेवलो नव्हतो.

यातलं मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आज सांगतोय.

त्यांनी स्वेटर मांडीवर ठेवला आणि बाह्या सारख्या केल्या.

“गाडीचं मला ठाऊक होतं,” मग म्हणाले. “हे मात्र मला खरं वाटलं होतं.”

“मी…”

“एर्नेस्ता गेली, त्यानंतर दुपारचं जेवण मी एकटा करायचो. तेव्हा मनात यायचं, तिकडं आता संध्याकाळ होत असेल, त्या घरात आरडाओरडा चालला असेल. पोरगी दूध पीत नसेल.” ते थांबले. “मला बरं वाटायचं.”

रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठायला लागले, पण गुडघ्यांमुळे उठता येईना. मी हात दिला, त्यांनी घेतला. उभे राहिले आणि लगेच सोडला. इतकं म्हातारं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. शेडच्या दाराशी सीताबाईंची लहानगी खेळत होती. ते तिच्याकडे गेले, खाली वाकून तिला तो स्वेटर घातला, एकेक बटण लावलं. दुपारच्या उन्हात लोकरीचा स्वेटर. बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. त्यांनी त्या दुमडून दिल्या. सीताबाई माझ्याकडे बघून “अहो कशाला, कशाला” म्हणत राहिल्या. मी म्हणालो, “असू द्या.”

पुढचे तीन दिवस आम्ही एकाच खोलीत होतो. बोलणं होई ते कामापुरतं. त्यांनी माझा स्टोव्ह उघडून साफ केला, खिडकीचं निसटलेलं दार बसवलं. संध्याकाळी आम्ही नदीपर्यंत चालत जाऊन परत यायचो. मी काहीतरी सांगायला जायचो आणि माझ्याच आवाजाची मला शंका यायची. वाक्य अर्ध्यावर सोडायचो. ते पूर्ण करायला सांगायचे नाहीत.

विमानतळावर त्यांनी पुन्हा मिठी मारली. “पत्र लिही,” म्हणाले.

मी लिहिलं नाही. दर रविवारी चहा झाला की कागद घेऊन बसायचो. ‘प्रिय कापो’ एवढं लिहून व्हायचं. पुढे काय लिहिणार? पंपांचं लिहू? खानावळीत मंगळवारी वांगं असतं ते लिहू? खरं म्हणून लिहिण्यासारखं माझ्याजवळ चार ओळींच्या वर काही नव्हतं, आणि त्या चार ओळी पाठवायची लाज वाटायची. मार्च गेला, पावसाळा गेला. त्यांचं एक पत्र आलं, दिवाळीत दुसरं. उत्तर दिलं नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये पाकीट आलं, अक्षर वेगळं. मारियाग्राझियाचं. जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला, नऊ दिवसांत गेले. तिनं मोठ्या मायेनं लिहिलं होतं. तेस्सारीची जुनी माणसं रविवारी एका दुकानात वाइन प्यायला जमत. बाबा हिंदुस्थानातून परत आले तेव्हा सगळी त्यांची वाटच बघत होती. बाबांनी त्यांना सांगितलं, मी चिंचा पाहिली. निळी. चार माणसं घेऊन डोंगर चढत होती. इंजिन तापतं, मधेच थांबून पाणी घालावं लागतं, आणि तिथले लोक त्यावरून तक्रार करतात. ते ऐकून म्हातारे हसले, दोघंतिघं रडलेसुद्धा. तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी त्यांना पुन्हा सांगायला लावायचं. सगळ्यांची इच्छा आहे की तुम्ही त्या गाडीचा एक फोटो पाठवावा.

शेवटी तिनं लिहिलं होतं: ‘तुमची पत्नी आणि मुलगी कशा आहेत? मी बाबांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे. कधी काही बोलले नाहीत. त्या दोघींच्या बाबतीत काही वाईट तर घडलं नाही ना?’

त्या दिवशी शनिवार होता, मी रविवारपर्यंत थांबलो नाही. फोटोबद्दल लिहिलं की कंपनीनं आता चिंचा काढणं बंद केलंय, हाताशी एकही गाडी नाही, माफ करा. पण तुमच्या वडिलांनी जी पाहिली ती फार चांगली होती. हे लिहिताना हात अडखळला नाही. ती माणसं रविवारी जमणार होती.

मग खाली लिहिलं: वाईट काही घडलेलं नाही. मला बायको नाही, मुलगी नाही. मी एकटा राहतो. तुमच्या वडिलांना हे ठाऊक होतं.